घरचें बिनतारी जाळें

मुंबईहून उत्तरेकडे जाणारी गाडी बोईसर स्थानकांत थांबते, तेव्हां उतारूंचा जो लोंढा बाहेर पडतो त्यांतील मोठा भाग तारापूर औद्योगिक वसाहतीच्या वाटेला लागतो. याच वसाहतीच्या कडेला सालवड हें गांव आहे. तारापूरचें नांव १९६९ सालीं अणुवीज केंद्र सुरू झाल्यापासून साऱ्या देशाला ठाऊक झालें; सालवडचें नांव मात्र पालघर जिल्ह्याबाहेर फारसें कोणी घेत नाहीं. एका बाजूस रसायनांचे, कापडाचे आणि पोलादाचे कारखाने, दुसऱ्या बाजूस जुनीं घरें आणि मधल्या जागेंत कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, असें या पट्ट्याचें आजचें रूप आहे. येथील एखाद्या मुलाला परीक्षेचा अर्ज शेवटच्या दिवशीं भरावयाचा असतो, एखाद्या कामगाराला दूरच्या गांवीं पैसे पाठवावयाचे असतात, एखाद्या गृहिणीला दवाखान्यांतील वेळ ठरवावयाची असते. हीं सारीं कामें आतां इंटरनेटवर चालतात. तेव्हां प्रश्न असा येतो कीं, इंटरनेटची तार प्रत्येकाच्या खोलीपर्यंत कशी न्यावयाची? आणि ती न नेतां भागेल काय?

या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर म्हणजे बिनतारी स्थानिक जाळें. लोकांच्या तोंडीं त्याचें नांव वाय-फाय असें आहे.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. वाय-फाय आणि इंटरनेट या दोन गोष्टी एक नव्हेत. इंटरनेट हें दूरवरून आलेल्या जलवाहिनीसारखें आहे, तर वाय-फाय ही त्या वाहिनीचें पाणी घरांतल्या घरांत खोलीखोलींतून फिरविण्याची व्यवस्था आहे. बाहेरची वाहिनीच कोरडी असेल तर घरांतले नळ कितीहि उत्तम असले तरी त्यांतून थेंब पडणार नाहीं. उलट, बाहेरची वाहिनी भरून वाहत असतां घरांतील व्यवस्था फुटकी असेल तरीहि तीच अवस्था. घरांत ज्या लहानशा पेटीवर दिवे लुकलुकत असतात, ती राउटर नांवाची पेटी या दोन व्यवस्थांच्या संगमावर बसलेली असते. तिच्या एका अंगास बाहेरून आलेली कांचेच्या तंतूची किंवा तांब्याची तार, आणि दुसऱ्या अंगास मोकळी हवा. शिवाय, बाहेरचें इंटरनेट नसलें तरी हें जाळें निकामी होत नाहीं. शाळेंतील एका संगणकावर सांठविलेले धडे त्याच शाळेंतील चाळीस मुलांच्या पाट्यांवर पाठविण्यास बाहेरच्या तारेची गरज लागत नाहीं. 'स्थानिक' या शब्दाचा अर्थ तो हाच.

महाराष्ट्राला बिनतारी लहरींची ओळख नवी नाहीं. १९२७ सालीं हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यामधील बिनतारी संदेशांची नवी सेवा सुरू झाली, तेव्हां पुण्याजवळील खडकी येथून लहरी सोडल्या जात आणि दौंड येथें त्या पकडल्या जात. त्याच वर्षीं मुंबईचें नभोवाणी केंद्रहि बोलूं लागलें. परंतु त्या काळीं प्रत्येक लहरीवर सरकारचा पहारा असे. १९३३ च्या बिनतारी कायद्यानें परवान्यावांचून बिनतारी यंत्र जवळ बाळगणें हा गुन्हा ठरविला, आणि त्यानंतर कित्येक वर्षें घरांत साधा रेडिओ ठेवावयाचा तरी टपाल कचेरींत परवान्याचे पैसे भरावे लागत. या पहाऱ्याला कारण होतें. दोन प्रक्षेपक एकाच लहरीवर एकाच वेळीं बोलूं लागले तर श्रोत्याच्या कानीं दोघांपैकीं एकाचेंहि बोलणें धड येत नाहीं. म्हणून ज्याची त्याची लहर ठरवून देणें आणि दुसऱ्याला तींत शिरूं न देणें, हाच एक उपाय त्या काळीं दिसत होता.

दुसरा उपाय सुचला तो समुद्रांत विखुरलेल्या बेटांवर. हवाई विद्यापीठांत नॉर्मन अब्रामसन आणि त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं वेगवेगळ्या बेटांवरील संगणक-यंत्रांना एकाच सामायिक लहरीवर बोलतें केलें. त्यांची युक्ति अशी कीं, संदेश सलग न पाठवितां त्याचीं लहान लहान पुडकीं करावीं. दोन पुडक्यांची टक्कर झालीच तर प्रत्येकानें थोडा वेळ थांबून, आणि तोहि सारखाच नव्हे तर वेगवेगळा थांबून, तें पुन्हां पाठवावें. म्हणजे लहर वांटून देण्याऐवजीं लहरीवर वागण्याचे नियम वांटून दिले. पुढें १९८५ सालीं अमेरिकन सरकारनें, जेथें औद्योगिक भट्ट्या आणि वैद्यकीय यंत्रें यांचाच गोंगाट असे अशा कांहीं लहरींच्या पट्ट्यांवर, शक्तीची मर्यादा पाळून परवान्यावांचून संदेश पाठविण्याची मुभा दिली. १९९७ सालीं या कामाचें पहिलें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलें. त्याचा वेग सेकंदास २० लाख बिट इतकाच होता. दोनच वर्षांनीं तो १ कोटी १० लाखांवर गेला, आणि आजच्या चांगल्या यंत्रांत त्याच्याहि शेकडों पट वेग मिळतो. भारतानें २००५ सालीं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यांतून मुक्त केला, आणि पुढें ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांनाहि ती मोकळीक मिळत गेली. ज्या देशांत आजोबांना रेडिओ ऐकण्यासाठीं परवाना लागत होता, त्याच देशांत नातवाच्या घरांतील पेटी रात्रंदिवस लहरी सोडीत असते आणि तिला कोणाचीहि परवानगी लागत नाहीं. वाय-फायच्या सर्व लाभांचें मूळ या एका मोकळिकींत आहे.

ही पेटी काम करते तरी कशी? २.४ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास २४० कोटी कंपनें. अशा एका लहरीची लांबी सुमारें साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या वितीहून कमी भरते. मोबाईलमधील यंत्र बोलण्यापूर्वीं क्षणभर कान देऊन ऐकतें. दुसरें कोणी बोलत असेल तर गप्प राहतें. शांतता आढळली कीं आपलें पुडकें पाठवितें आणि पोंच आली कीं नाहीं तें पाहतें. पोंच न आल्यास पुन्हां पाठवितें. सुसंस्कृत मंडळींच्या बैठकींत जें शिष्टाचारानें घडतें, तेंच येथें सेकंदाच्या हजाराव्या भागांत यंत्राच्या नियमानें घडतें. यांत आणखी एक अडचण होती ती प्रतिध्वनीची. घरांतील भिंती, लोखंडी कपाटें आणि पंखे यांवर आपटून एकच लहर निरनिराळ्या वाटांनीं थोडी मागेंपुढें येऊन पोंचते आणि मूळ संदेश पुसट करते. या अडचणीवर ऑस्ट्रेलियांतील जॉन ओसलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनीं जो प्रभावी तोडगा काढला, त्याच्या मागें त्यांचा रेडिओ-खगोलशास्त्रांतील अनुभव होता. दूरच्या कृष्णविवरांचे क्षीण संकेत शोधतांना जें गणित हातीं आलें, तेंच चाळींतल्या खोलींतील प्रतिध्वनि आवरण्याच्या कामीं आलें. निव्वळ जिज्ञासेनें केलेलें संशोधन कोठें फळास येईल, हें आधीं सांगतां येत नाहीं, तें असें.

आतां लाभांकडे वळावें. पहिला आणि सर्वांत मोठा लाभ वांटून घेण्याचा. सालवडसारख्या वस्तींतील दहा खोल्यांच्या एका चाळीचें उदाहरण घ्यावें. प्रत्येक खोलींत वेगळी तार आणावयाची तर दहा जोडण्या, दहा पेट्या आणि दहा मासिक देणीं. भाड्याची खोली वर्षा-दोन वर्षांनीं बदलणाऱ्या कामगाराला हा खर्च पेलत नाहीं. उलट, सेकंदास १० कोटी बिट वाहून आणणारी एकच तार चाळीपर्यंत आली आणि पुढचें काम हवेनें केलें, तर काय होतें? एखाद्या व्याख्यानाचें हलतें चित्र नीट दिसण्यास सेकंदास सुमारें २० लाख बिट पुरतात. या हिशेबानें एका तारेवर पन्नास चित्रें एकाच वेळीं चालावींत. हवेंतील टकरी, पोंचपावत्या आणि भिंती यांत निम्मी शक्ति खर्ची पडली असें धरलें तरी पंचवीस उरतात, आणि खोल्या तर दहाच. जी वस्तु एकट्याला महाग ती दहांना स्वस्त, हा जुना सहकाराचाच न्याय येथें लागू पडतो.

दुसरा लाभ भिंती न फोडण्याचा. जुन्या घरांतून तार फिरविणें म्हणजे गवंडी, सुतार आणि घरमालक या तिघांचीहि मनधरणी करणें. कारखान्यांत तर ही अडचण अधिक मोठी असते. जेथें ज्वालाग्राही वाफा असतात तेथें प्रत्येक तार संरक्षक नळींतून न्यावी लागते, आणि मोजमापाचें एक यंत्र जागचें हलविलें कीं तें सारें काम पुन्हां नव्यानें करावें लागतें. टाकींतील पातळी किंवा भट्टीचें तापमान बिनतारी यंत्रानें कळूं लागलें तर माणसाला त्या धोक्याच्या जागीं वारंवार जावें लागत नाहीं. मात्र अशा ठिकाणीं ठेवावयाचें यंत्र ठिणगी-सुरक्षित असल्याची खात्री असली पाहिजे, आणि पोलादी टाक्यांवरून लहरी परावर्तित होतात हें ध्यानांत घेऊन त्याची जागा ठरविली पाहिजे. तिसरा लाभ चालण्या-फिरण्याचा. रुग्णालयांतील परिचारिका रोग्याच्या खाटेपाशीं उभी राहून नोंद करूं शकते. दुकानदार माल मोजतां मोजतां हिशेब लिहूं शकतो. चौथा लाभ वाढीचा. घरांत एक माणूस वाढला तर नवी तार ओढावी लागत नाहीं. संकेतशब्द सांगितला कीं काम झालें.

हे झाले घराचे आणि कारखान्याचे लाभ. परंतु या साधनाची खरी परीक्षा पालघर तालुक्याच्या पश्चिमेकडील कारखान्यांच्या पट्ट्यांत झाली नाहीं, तर पूर्वेकडे, सूर्या आणि वैतरणा या नद्यांच्या खोऱ्यांतील गांवांत झाली. बोईसरहून हें अंतर थोडें असलें तरी परिस्थिति अगदीं निराळी आहे. गांव एक आणि त्याचे पाडे अनेक, मध्यें टेकड्या, ओढे आणि दाट झाडी, अशी तेथली रचना. देशांतील सुमारें अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत कांचेचा तंतू नेण्याची योजना २०११ सालीं आंखली गेली आणि पुढें तिला भारतनेट हें नांव मिळालें. पण तंतू ग्रामपंचायतीच्या कचेरीशीं येऊन थांबतो. पाडा तेथून दोन-तीन मैलांवर असतो. पावसाळ्यांत वाहून जाणाऱ्या वाटेवर खंदक खणून तार पुरणें महाग, आणि ती टिकविणें त्याहून महाग.

मुंबईच्या आय.आय.टी.तील अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा मधला टप्पा हवेंतून पार करण्याचा प्रयोग 'ग्राममार्ग' या नांवानें हातीं घेतला. खामलोली, ढुकटण, आणि जांभळांसाठीं प्रसिद्ध असलेलें बहाडोली अशा गांवांचा त्यांत समावेश होता. प्रारंभीं त्यांनीं दूरदर्शनसाठीं राखून ठेवलेल्या लहरींचा विचार केला. ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत आठ-आठ मेगाहर्ट्झच्या १५ वाहिन्या बसतात. देशांतील दूरदर्शनच्या प्रक्षेपकांचा अभ्यास करून २०१४ सालीं या मंडळींनीं दाखवून दिलें कीं, या १५ पैकीं निदान १२ वाहिन्या जवळजवळ सर्वत्र रिकाम्या पडलेल्या आहेत. या लहरींची लांबी अर्ध्या मीटरहून अधिक असल्यामुळें त्या झाडीला आणि चढउताराला लहान लहरींइतक्या अडत नाहींत. सात गांवांत या लहरींवर प्रयोग झाला. दूरचा टप्पा या लहरींनीं गांठावयाचा आणि गांवांत पोंचल्यावर वाय-फायनें तो घरोघर व माणसांच्या हातांतील मोबाईलपर्यंत न्यावयाचा, अशी ही जोडणी होती.

या लहरी वापरण्यास मात्र सरकारची खास परवानगी लागे. ती प्रयोगापुरतीच मिळाली होती. म्हणून पुढच्या टप्प्यांत जेव्हां पंचवीस गांवें जोडावयाचीं ठरलीं, तेव्हां ५.८ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त लहरींवर चालणारीं वाय-फायचीं यंत्रें उंच जागीं, एकमेकांच्या दृष्टिपथांत बसविण्यांत आलीं. त्यांच्या लहरी झाडीला अडतात, हा त्यांचा दोष. पण यंत्रें बाजारांत मिळतात आणि परवान्यासाठीं कोणाच्या दारीं जावें लागत नाहीं, हा त्यांचा गुण. मोझिला या संस्थेच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत २०१७ सालीं या प्रकल्पाला पहिलें पारितोषिक मिळालें. त्यापेक्षांहि महत्त्वाचा होता तो त्यामागील विचार. यंत्रें बसवून निघून न जातां, ग्रामपंचायत, सरकार आणि खाजगी व्यवसाय यांनीं मिळून, गांवांतल्याच माणसाच्या हातीं जाळ्याची देखभाल द्यावयाची आणि त्यांतून त्यालाहि चार पैसे मिळावे, अशी ती मांडणी होती. जाळें उभारणें हें दोन दिवसांचें काम आणि तें चालतें ठेवणें हें बारा महिन्यांचें, हें ज्यांनीं गांवांत काम केलें आहे त्यांना वेगळें सांगावें लागत नाहीं.

मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां हा प्रश्न साऱ्या देशाच्या दारांत येऊन उभा राहिला. ज्यांच्या घरांत जाळें होतें त्यांचे धडे चालू राहिले. ज्यांच्या घरांत नव्हतें तीं मुलें टेकडीवर किंवा झाडावर चढून मोबाईलचा संकेत शोधूं लागलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत केंद्र सरकारनें 'पीएम-वाणी' ही योजना मंजूर केली. तिच्या अन्वयें एखाद्या किराणा दुकानदाराला किंवा चहावाल्यालाहि परवाना न काढतां, नोंदणीचे पैसे न भरतां, आपल्या दुकानांतून लोकांना वाय-फाय पुरवितां येतें. चाळींतील दहा खोल्यांनीं एक जोडणी वांटून घ्यावयाची तर नियमानें चालण्याचा मार्गहि हाच. कारण घरगुती जोडणी दुसऱ्यास विकण्यास कंपन्यांच्या अटींची आडकाठी असते, आणि दुसऱ्यानें केलेल्या गैरवापराची पहिली चौकशी जोडणी ज्याच्या नांवावर आहे त्याच्याच दारीं येते.

लाभांबरोबर उणिवाहि सांगितल्या पाहिजेत. वीज गेली कीं राउटर विझतो. म्हणून त्याला लहानशी बॅटरी जोडणें शहाणपणाचें. जाड दगडी भिंत, पाण्याची टाकी, आरसा आणि लोखंडी दार हे लहरींचे वैरी आहेत. पेटी कपाटांत लपवून ठेवण्यापेक्षां घराच्या मध्यभागीं उंचावर ठेवावी. दाट वस्तींत शेजाऱ्यांच्या पेट्याहि त्याच लहरींवर बोलत असतात, आणि मोकळिकीची ही किंमत आहे. २.४ चा पट्टा गजबजला असेल तर ५ गिगाहर्ट्झचा घ्यावा. तो कमी अंतर जातो, पण त्यांत गर्दीहि कमी असते.

सर्वांत मोठी सावधगिरी संकेतशब्दाची. तार भिंतीच्या आंत राहते, लहर भिंत ओलांडून रस्त्यावर जाते. १९९७ सालीं जी कुलपाची पद्धत ठरली होती ती २००१ सालींच संशोधकांनीं फोडून दाखविली. २००४ आणि २०१८ सालीं ठरलेल्या नव्या पद्धती बळकट आहेत. त्यांपैकींच एक निवडावी, आणि पेटीबरोबर आलेला मूळ संकेतशब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. आपल्या घराचा क्रमांक किंवा मुलाचें नांव हा संकेतशब्द नव्हे, तें उघडें दार आहे.

तारापूरच्या परिसरांत एक शंका विशेष ऐकूं येणें साहजिक आहे. या लहरींना किरणोत्सार म्हणतात, तर त्या अपायकारक नाहींत काय? येथें एका शब्दामुळें दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत होते. अणुभट्टींतील इंधनाचे किरण अणूंतून विद्युत्कण उखडून काढण्याइतके प्रखर असतात. म्हणून तर ते जाड भिंतींच्या आड कोंडून ठेवावे लागतात. वाय-फायच्या लहरींत ती शक्ति मुळींच नाहीं. त्या रेडिओच्या लहरींच्याच कुळांतील आहेत, आणि घरांतील पेटीची शक्ति बहुधा एक दशांश वॅटच्या आसपास असते. आंतरराष्ट्रीय मर्यादांच्या आंतील अशा लहरींमुळें आरोग्यास अपाय झाल्याचें आजवर सिद्ध झालेलें नाहीं.

सारांश, बिनतारी जाळ्याचा लाभ केवळ सोयीचा नाहीं. त्यांत एक सामाजिक तत्त्व आहे. हवेंतील लहर कोणा एकाची न ठेवतां सर्वांची ठेवली, आणि प्रत्येकानें बोलण्यापूर्वीं ऐकावें एवढा एक नियम पाळला, तर अनोळखी माणसांचीं असंख्य यंत्रें एका जागेंत सुखानें नांदूं शकतात. मात्र हवा मोकळी असली म्हणजे सारें मिळालें असें होत नाहीं. तंतू गांवापर्यंत आणणें हें सरकारचें काम, पेटी चालती ठेवणें हें गांवाचें काम, आणि तिचा उपयोग शिकून घेणें हें घरोघरच्या माणसांचें. हीं तिन्ही कामें झालीं, तर सालवडच्या भाड्याच्या खोलींतील विद्यार्थी आणि पूर्वेकडील पाड्यावरची त्याची बहीण एकाच दिवशीं एकाच अर्जाच्या मुदतींत आपलें नांव नोंदवूं शकतील. यांपैकीं एक जरी राहिलें, तरी पेटीवरचे दिवे लुकलुकत राहतील आणि अर्जाची मुदत मात्र निघून जाईल.